डबीवरच्या दोघी

ढोकी,
२६ मार्च १९८४

ती. सौ. कमलअक्कास,

ढोकीहून द्वारकाचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मार्च महिन्यात ढोकीत माणूस जेवढं ठीक असू शकतं तेवढं. हातपंप दुपारनंतर नुसता धापा टाकतो. कारखाना अजून चालू आहे, त्यामुळे मळीचा वास भाकरीलासुद्धा येतो. आमच्या आत्याबाईंच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतंच, आता डावाही गेल्यातच जमा आहे. पण मी वेशीत कोणाशी उभी राहून बोलले ते त्यांना घरबसल्या कळतं, सासूचा डोळा वेगळाच असतो बहुतेक. शेळी व्याली. बोकड एकही नाही, दोन्ही पाटीच झाल्या.

शेवंताच्या लग्नाची पत्रिका पोचली. परवापरवापर्यंत माझ्या कडेवर बसून चिंचा मागणाऱ्या पोरीचं नाव 'चि. सौ. कां.' लावून छापलेलं बघितलं आणि हसू आलं. पत्रिका देवापाशी ठेवली आहे. दाजींचं दुकान ठीक चाललं असेल. काष्ठौषधीच्या दुकानाला उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी, असं ते म्हणायचे, पण आमच्या लेपामुळे यंदा तसं नसावं.

इथपर्यंत लिहून पत्र पेटीत टाकावं असं मनात होतं. पण मग तुला वाटलं असतं की सगळं बरं आहे.

अक्का, मी डबी बघितली.

आम्ही इथं लेप करून मोठ्या डब्यात भरून देतो. दाजी तो धाराशिवला नेतात, लहान डब्यांत भरतात आणि विकतात. गेल्या दिवाळीपासून हे असंच चाललंय. त्यामुळे विकायची डबी कशी दिसते हे इथल्या एकाही बाईला माहीत नव्हतं. आमचा माल आम्हालाच अनोळखी. आणि तो मला दाखवला कोणी, तर बिडाकडच्या एका ऊसतोड बाईनं.

बाजाराचा दिवस होता. सरुबाई आणि मी पडवीत तेल आटवत बसलो होतो. सरुबाई तुला आठवत असेल, बौद्धवाड्यातली, तू मागं आलीस तेव्हा तिनं तुला हुरडा दिला होता. महिला मंडळाचं सगळं काम आम्ही दोघीच ओढतो. तरवडाच्या फुलांचा आणि उपळसरीच्या मुळ्यांचा काढा करडईच्या तेलात घातला होता, कोरफडीचा गर पडला होता, हळद पडली होती. काढा आटून तेल गप्प होईपर्यंत चुलीपासून हलता येत नाही. जरा इकडेतिकडे बघितलं की हळद करपते आणि सगळा घाणा फुकट जातो. तर आम्ही दोघी तोंडं लाल करून चुलीपाशी, आणि दारात ही बाई. हातांवर उसाच्या पानांनी ओढलेल्या रेघा, डोक्यावर चुंबळ तशीच.

"मावशी," ती म्हणाली, "ह्या डबीवरची बाई ह्याच गावात ऱ्हाती म्हनं. जरा दावता का मला?"

मावशी म्हणाली त्याचं मला काही वाटलं नाही. सगळ्याच म्हणतात. मी हात पुसून डबी घेतली.

पिवळा कागद. वर 'तरवड लेप' आणि त्याखाली 'उन्हाने गेलेले तारुण्य परत'. आणि खाली दोन तोंडं. डावीकडे 'वापरण्यापूर्वी', उजवीकडे 'वापरल्यानंतर'. उजवीकडे तू. तुझी ती पाणीदार मोत्यांची नथ, भरलेले गाल, आणि कोणीतरी हाक मारल्यावर वळून बघावं तसं बघतेस. छपाई मात्र भिकार, हनुवटीवर शाईचा ठिपका सांडलाय. आणि डावीकडे एक म्हातारी. डोळे बारीक केलेले, कपाळावर नांगरट, ओठांच्या दोन्ही बाजूंनी ओघळ.

मला हसू फुटलं. खरं सांगते. तुझा फोटो बघून जरा नवल वाटलं, पण त्या म्हातारीकडे बघून हसूच फुटलं. मी सरुबाईला म्हणाले, "अगं, दाजींनी ही कुठली म्हातारी धरून आणली?"

सरुबाई हसली नाही. तिनं डबी बघितली आणि चुलीत लाकूड सारत बसली, लाकडाची गरज नसताना.

ती ऊसतोड बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग डबीकडे. मग परत माझ्याकडे.

"ह्या तुमीच की," ती म्हणाली.

मी म्हणाले, काहीतरीच काय. मग सरुबाईनं उठून त्या म्हातारीच्या खांद्यावर बोट ठेवलं. पदराला तिथं ठिगळ आहे, उलट्या टाक्याचं. "द्वारके, हे ठिगळ म्याच लावलंय," एवढंच बोलली ती.

अक्का, पायाखाली जमीन असते हे आपल्याला एरवी कळत नाही. ती गेली की कळतं. मी चुलीपाशी बसले ती बसलेच. तेल करपलं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा घाणा करपला आणि आम्ही दोघी समोर बसून तो करपताना बघत होतो.

ती बाई बिचारी गोंधळली. तिला वाटलं तिचंच काही चुकलं. तिनं मला विचारलं, अगदी भोळेपणानं विचारलं, "म्हंजी तुमी अजून आधीच्याच हायसा?"

तिचं काय होतं ते मग तिनं सांगितलं. "घरचा म्हनतो, तुजं थोबाड करपलं, आता दुसरी आनतो. म्हनून घेतली डबी. म्हनलं नंतरची बाई डोळ्यानं बगावी, म्हंजी धीर येईल." मी तिला खरं ते सांगितलं. सांगितलं की लेप उन्हात जायच्या आधी लावायचा. लावला तर ऊन तेवढं चटकत नाही, कातडी लवकर सुकत नाही. पण एकदा गेलं ते गेलं, ते कोणत्याही पाल्यानं परत येत नाही. तिनं ऐकून घेतलं. "मग हिच्यावर तसं का न्हाय लिवलं?" म्हणाली.  तिनं डबी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. विकत घेतलेली डबी.

आता मला तुझ्याशी बोलायचंय.

माझा फोटो कसा निघाला ते मला कळलं. दिवाळीत दाजी फोटोवाल्याला घेऊन आले होते, मंडळाच्या बायकांना ओळीत उभं केलं होतं. तालुक्याच्या कचेरीत लावायचा म्हणाले. आम्ही साड्या झटकून उभ्या राहिलो. मला म्हणाले, "द्वारके, पदर जरा मागं घे आन् उन्हाकडं बघ." मी बघितलं. डोळे बारीक होणारच ना! दाजींचं मला फारसं नवल वाटत नाही, दुकानदार माणूस. पण तुझा फोटो? नथीतला? तो तुझ्या घरातला. तो त्यांना कोणी काढून दिला?

मी तुझ्याहून चार वर्षांनी धाकटी आहे, अक्का. हे मी तुला सांगावं लागतंय. त्या डबीवर मी आधीची आणि तू नंतरची. जगाला सांगितलंय की तुझी धाकटी बहीण म्हणजे नासलेली कातडी आणि तू म्हणजे औषध लागू पडल्यावरचं रूप. तुला सावली मिळाली, मला खडी मिळाली, याचं मी कधी तोंडातून ब्र काढला नव्हता. काढायचं कारणही नव्हतं, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण ते कागदावर छापून गावोगाव विकायचं?

तू विचारशील की एवढा लेप करतेस तर स्वतःला का नाही लावलास. विचारशील म्हणून सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. दुष्काळात विहिरीच्या कामावर दरड कोसळून हे गेले, त्यानंतर मी आणि आत्याबाई खडी फोडायच्या कामावर जायला लागलो. आत्याबाई लेप करून न्यायच्या. ऊन चढायच्या आधी ओळीत बसलेल्या एकेकीच्या तोंडाला आपल्या हातानं लावायच्या. माझ्यापाशी आल्या आणि त्यांचा हात मधेच थांबला. "सूनबाई, हळद हाय गं ह्यात," म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे गेल्या. पुढची सरुबाई होती. ती म्हणाली, "मामी, हळदीला काय ठावं, कुनाचा नवरा हाय आन् कुनाचा न्हाय?" आत्याबाईंनी तिच्या तोंडाला लेप लावला आणि पुढं गेल्या.  माझी समजूत अशी झाली की बरोबरच आहे. आता कुणासाठी लावायचं? कुंकू लावायचं नसलं की आरशाचंही काही काम उरत नाही. आमच्या घरातला आरसा तेव्हाच सरुबाईकडे गेला, तो तिथंच आहे.

म्हणून मी हसले, अक्का. मी त्या म्हातारीला कधी बघितलंच नव्हतं.

एवढंच कळव, तो फोटो तू दिलास का? तयार लेपाचा डबा इथं आहे, तो मी दाजींना देणार नाही. आणि शेवंताच्या लग्नाला मी येणार नाही. तिला माझा आशीर्वाद सांग. डबीवरच्या दोघी एका मांडवात उभ्या राहिल्या तर वऱ्हाडी खिशातनं डबी काढून ताडून बघतील.

धाकटी असून थोरली झालेली,
द्वारका

---

धाराशिव,
३१ मार्च १९८४

लाडक्या द्वारकेस,

कमलचा खूप खूप आशीर्वाद. इकडच्या खुशालीचं काही लिहीत नाही, ती नाहीच. तुझं पत्र आलं तेव्हा लग्नाचे पापड चालले होते. शेजारपाजारच्या बायका होत्या. मी वाचता वाचता उभी राहिले आणि लाटणं हातातच घेऊन आत गेले. शेवंता मागं आली, तिला बाहेर काढलं आणि कडी लावून घेतली. मग परत वाचलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. फोटो मी दिला नाही. पण तुला आणखी एक सांगायचंय आणि ते कसं सांगू मला सुचत नाही, म्हणून सरळच सांगते.

तो फोटो माझा नाही. नथीतली ती तू आहेस.

थांब, पत्र खाली ठेवू नकोस. नथ माझी आहे, ते बरोबर. तुझ्या लग्नात तुला घालायला दिली होती, आठवतं का? नथ माझी, पण नाक तुझं. मांडवात तू पाटावर बसायला चालली होतीस आणि मी मागून हाक मारली, "द्वारके, पदर लोळतोय!" तू वळलीस. यांचा एक मित्र कॅमेरा घेऊन आला होता, त्यानं तेवढ्यात फोटो काढला. तुला कळलंसुद्धा नाही. तू सासरी गेल्यावर महिन्याभरानं तो फोटो आला. इतका सुंदर आला होता की मी चौकट करून भिंतीला लावला. म्हटलं, माहेरपणाला येशील तेव्हा दाखवू. मग दुष्काळ पडला, आणि मग तुझ्या घरी ते घडलं.

त्यानंतर तो तुला कसा दाखवणार होते मी? नथ, मुंडावळ्या, हिरवा चुडा. तुझ्या पांढऱ्या कपाळापुढं तो धरायचा? तू इथं यायची असलीस की मी आधी तो उतरवून गाद्यांच्या घडीत घालायची आणि तू गेलीस की परत लावायची. शेवंतालाही ताकीद होती, मावशीसमोर त्याचं नाव काढायचं नाही. तुला जपते असंच वाटायचं मला. त्यानं असं होईल असं स्वप्नातही आलं नाही.

तुझा अजून विश्वास बसत नसेल. मग तो शाईचा ठिपका बघ. शाई नाही ती. गोंदणारीण आपल्या अंगणात आली होती तेव्हा मी कणगीमागं लपले आणि शेवटपर्यंत बाहेर आले नाही. तू लहान असून तिच्यापुढं बसलीस आणि हनुवटीवर ठिपका गोंदवून घेतलास. रडलीसही नाहीस. आईनं तुला गूळ दिला आणि मला रट्टा. माझ्या हनुवटीवर काही नाही, द्वारके. जन्मभर तू माझ्या तोंडाकडे बघत आलीस, आता तरी आठव.

आता माझं ऐक. तू लिहिलंस की त्या म्हातारीला तू ओळखलं नाहीस. मीही ओळखलं नाही. यांनी छापून आलेला पहिला कागद घरी आणला तेव्हा मी डावीकडं बघितलं आणि मला भरून आलं. मी विचारलं, "आईचा फोटो कुठं मिळाला तुम्हाला?" हे हसले. म्हणाले, "सासूबाई कुठल्या? अगं, ती तुझी द्वारका."

आई गेली तेव्हा साठीची होती.  मग भिंतीकडं बघितलं तर नुसता खिळा. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. घरात लग्न काढलेलं, यांच्याशी वाद नको, असं म्हणून गप्प बसले. तू ढोकीत कशाला बघशील ती डबी, असंही वाटलं.

तुझं पत्र वाचून मात्र मी गप्प बसले नाही. दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर बोलले. लग्न झाल्यापासून त्या दुकानाची पायरी मी चार माणसांत चढले नव्हते. हे आधी चिडले, मग नरमले. मग म्हणाले काय, "दोन्ही फोटो एकाच बाईचे हायेत. मग खोटं काय छापलं म्या?"

 खोटं आहे हे मला दिसतंय, सगळ्यांना दिसतंय, पण बोट कुठं ठेवायचं ते कळेना. तेव्हापासून त्यांना वाटतंय की ते जिंकले. तुला उत्तर सुचलं तर कळव. तुझी जीभ माझ्याहून धारदार आहे.

सोबत मूळ फोटो पाठवते आहे, दुकानातून परत आणून, चौकटीतून काढून. छापलेल्यावर जाऊ नकोस, हा बघ. तुला नको असेल तर ठेवू नकोस, पण एकदा बघ. आणि लग्नाला ये म्हणायचा हक्क मला राहिला आहे की नाही ते माहीत नाही. तरी म्हणते, ये. शेवंता रोज विचारते, मावशी कधी येणार.

तू वळून बघावंस म्हणून परत एकदा मागून हाक मारणारी,
कमल

---

ढोकी,
६ एप्रिल १९८४

अक्का,

फोटो मिळाला. हातात मिळाला. डोक्यात पोचायला पुढचे दोन दिवस गेले.

पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा मला वाटलं तू मला फसवतेस, समजूत काढायला काहीतरी रचतेस. ती मुलगी मी नव्हते. माझ्या मनात मी लग्नातही अशी नव्हते. तुझं लेणं घातलेली एक काळीसावळी पोर, एवढंच मला आठवत होतं. घरात देखणी तू, असंच सगळे म्हणायचे, आणि मीही तेच धरून चालले होते. मग सरुबाईच्या घरी गेले. म्हटलं, आमचा आरसा दे.

तिनं तो पदरानं पुसून दिला. मी दारात उजेडाला उभी राहिले. फोटो गालाशी धरला आणि आरशात बघितलं.

ठिपका दोन्हीकडे आहे, अक्का. तिथंच. तेवढाच. बाकी सगळ्या तोंडाचं उन्हानं चिपाड केलं, त्या हिरव्या ठिपक्याला मात्र त्याला काही करता आलं नाही.  सरुबाईनं दंड धरला नसता तर आरसा फुटला असता. कितीतरी वेळ मी नुसती बघत होते, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. म्हातारीला बघून मी हसले होते आणि पोरीला मी तू समजले होते. दोन्ही वेळा मी होते आणि दोन्ही वेळा मला ओळख पटली नाही. एवढं परकं कुणी कुणाला असतं का?

आणि एक सांगते. मागच्या पत्रात मी तुझ्यावर चिडले नव्हते. मला वाटलं होतं तसं, पण नाही. त्या नथीतल्या पोरीचा मला हेवा वाटला होता. ती काय तोऱ्यात बघते, हिला काय कमी पडलं, असं झालं होतं. आता तिच्याकडे बघते तर तिला हाताला धरून थांबवावंसं वाटतं. तिला पुढचं काहीच माहीत नाही. मागून कोणीतरी हाक मारली आणि ती हसून वळली, एवढंच.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं लेपाचा काहीतरी व्यवहार फिसकटला. म्हणाल्या, "आन हिकडं फोटू." दिसत तर नाही. त्यांनी अंगठा फिरवला त्याच्यावर, जणू गव्हाची ओंबी चाचपताहेत. म्हणाल्या, "लई देखनी आनली व्हती म्या."  मी भाकरी थापायला उठले तर म्हणाल्या, "ती डबी कुठं हाय? त्या तोडवालीची?"

मी आणून दिली. त्यांनी बोट बुडवलं आणि दुसऱ्या हातानं माझं तोंड शोधलं. बोट गालापर्यंत आलं आणि थांबलं. त्या वर्षी खडीवर थांबलं होतं तसंच. मी म्हणाले, "आत्याबाई, हळद हाय त्यात."

"असंल," त्या म्हणाल्या. "मला कुठं दिसतंय?"

आणि लावला. कपाळाला, दोन्ही गालांना, हनुवटीला. मी तोंड वर करून बसले होते. मला रडू आलं तर म्हणाल्या, "गप, लेप वाहून जाईल." मग त्याच रडायला लागल्या. गेलेलं येणार नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण अजून थोडं उरलंय ना. उद्यापासून उन्हात जायच्या आधी मी लेप लावणार आहे. गावाला बोलायचं तर बोलू दे. सरुबाई म्हणाली, गाव काय आजच बोलतंय होय!

ती ऊसतोड बाई मात्र सापडली नाही. दोन दिवस ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जाऊन विचारलं. तिची टोळी तोड संपवून निघून गेली होती, नुसतं पाचट आणि तीन दगडांच्या चुली राहिल्या होत्या. तिच्या नवऱ्यानं काय केलं असेल कुणास ठाऊक. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. हे मला जन्मभर लागून राहील.

आता दाजींचं उत्तर. सुचलंय. त्यांना वाचून दाखव, गिऱ्हाइकांसमोर दाखवलंस तरी चालेल.

दोन्ही फोटो एकाच बाईचे, हे अगदी खरं. पण दाजी, तुम्ही मला उलटी जगायला लावलीत. आधी म्हातारी आणि मग नवरी. खोटं आहे ते तिथं. तेव्हा दोन्ही फोटो ठेवा, जागा बदला. नथीतली डावीकडे घ्या आणि तिच्यावर लिहा, 'उन्हाच्या आधी'. उन्हाकडे बघायला लावलेली उजवीकडे घ्या आणि लिहा, 'उन्हानंतर'. तारुण्य परत वगैरे पुसून टाका. त्या जागी लिहा, 'हिनं लेप लावला नाही. तुम्ही उन्हात जायच्या आधी लावा. गेलेले परत येत नाही.' माझं तोंड वापरायला माझी परवानगी आहे, यावेळी मला विचारून वापरा. असं छापणार असाल तर लेपाचा डबा तयार आहे, गाडी पाठवा. छापायचं नसेल तर तरवड काय, बांधाबांधावर उभा आहे. आम्ही बायका टोळ्याटोळ्यांत जाऊन पळसाच्या पानात बांधून विकू, आणि कसा लावायचा ते तोंडानं सांगू.

लग्नाला येते. हळदीच्या आदल्या दिवशीच येते, आत्याबाईंनाही आणते. शेवंतासाठी आमच्या हातची हळद घेऊन येते, तू नको म्हणू नकोस. मांडवात कुणी डबी काढून ताडून बघितलं तर बघू दे. मी त्यांना हनुवटी दाखवीन.

फोटो याच पाकिटात परत पाठवते आहे. चौकटीत घाल आणि त्याच खिळ्याला लाव. मी येईन तेव्हा उतरवू नकोस, अक्का. मला तिला भेटायचंय.

डबीवरच्या दोघी मिळून तुझी एकच,
द्वारका